मॉडिफाय केलेली गाडी विकायची आहे? आधी माळ्यावर चढा

गाडीत पैसे घालताना सल्ला द्यायला पन्नास जण असतात. "भावा, डाउनपाइप टाक, जाळ आणि धूर संगटच निघतोय बघ!" असं म्हणणारे तर कोल्हापुरात गल्लीगल्लीत सापडतात. गाडी विकायला काढली की यातला एकही फोन उचलत नाही. माझी २०१८ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३० विकायला मला पाच महिने लागले. त्यातले चार माझ्याच चुकांनी गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून कोणत्या क्रमाने काय करायचं ते लिहून ठेवतो. गाडी पोलो असो, अबार्थ पुंटो असो की आणखी कुठली, क्रम हाच.

१. खर्च विसरा

कंपनीने दिलेली माझी गाडी २३० पीएस आणि ३५० न्यूटन मीटरची. म्हणजे मुळातच कमी नव्हती. तरी मी स्टेज टू रिमॅप (ताकद वाढवायला इंजिनच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला बदल), डाउनपाइप (टर्बोतून धूर मागे नेणारा पाइप), इनटेक (हवा आत घेणारा भाग), लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणाऱ्या) आणि अठरा इंची अलॉय असा सगळा मिळून सुमारे साडेतीन लाखांचा संसार तिच्यावर मांडला. विकताना मी ते साडेतीन लाख किमतीत धरले. पहिल्या महिन्यात जे जे आले, ते हे ऐकून गालात हसले आणि चहा पिऊन गेले.

घेणाऱ्याच्या डोक्यातला हिशेब उलटा असतो. त्याला स्टेज टू म्हणजे "गाडी दामटलेली आहे" एवढंच ऐकू येतं. तो कर्ज काढून घेणार असेल तर बँकेचा माणूस मॉडेल, वर्ष, किलोमीटर आणि गाडीची अवस्था बघतो. तुमचं इंटरकूलर त्याच्या कागदात कुठेच बसत नाही.

कायद्याचंही ऐकून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल मालकाला परस्पर करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा "कॅट", काढलेली गाडी तशीच विकणं म्हणजे ही कटकट दुसऱ्याच्या गळ्यात बांधणं. म्हणून माझं मत सरळ आहे: गाडी मूळ रूपात आणा, पार्ट वेगळे विका. पार्टांचे पैसे पार्ट घेणारा देतो, गाडी घेणारा देत नाही.

२. माळ्यावर चढा

जाहिरात टाकण्याआधी करायचं पहिलं काम हे. काढून ठेवलेले मूळ पार्ट शोधा आणि एका कागदावर यादी करा:

- मूळ स्प्रिंग, आणि शॉकॲब्सॉर्बर बदलले असतील तर तेही
- एअर फिल्टरचा डबा, त्याचे पाइप आणि क्लिपा
- कॅटसह मूळ डाउनपाइप आणि मागचा सायलेन्सर
- मूळ अलॉय, नट-बोल्ट, सेंटर कॅप
- हेडलाइट, हॉर्न, स्टिअरिंग, जे जे बदललं असेल ते
- दुसरी किल्ली (हा पार्ट नव्हे, पण हमखास माळ्यावरच सापडते)

आमच्या कळंब्याच्या घरी माळ्यावर स्प्रिंगा पोत्यात नीट होत्या. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी बाळंतपण केलं होतं. आणि डाउनपाइप नव्हताच. वडिलांना विचारलं तर म्हणाले, "तो गंजका पाइप होय? दिला की भंगारवाल्याला. लोखंडाच्या भावानं दिला, पण वजन चांगलं भरलं." आता कॅटमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, भंगारातली सगळ्यात महाग वस्तू ती. त्या भंगारवाल्याने त्या दिवशी देवाला नारळ फोडला असणार. मी वडिलांना काही बोललो नाही. पाच वर्षं त्या पाइपवर साधी चिठ्ठी चिकटवायचं माझ्याच्याने झालं नव्हतं.

तुमचंही असं झालं असेल तर नव्या पार्टचा भाव विचारून छातीत कळ आणून घेऊ नका. तुमच्याच मॉडेलची गाडी नुकतीच मॉडिफाय करायला काढलेला माणूस शोधा. त्याचा मूळ पार्ट त्याला अडगळ वाटत असतो. मला डाउनपाइप पुण्यात असाच मिळाला, आणि त्याच माणसाने माझा बाजारातला पाइप विकत घेतला. दोघांनी फक्त वरचे पैसे इकडेतिकडे केले.

३. क्रम चुकवू नका: आधी लोखंड, मग सॉफ्टवेअर

माझी सगळ्यात मोठी चूक इथली. पुण्यात कामासाठी गेलो होतो, तर रिमॅप करून देणाऱ्या ट्यूनरकडे जाऊन मॅप, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर, परत मूळ करून घेतला. म्हटलं, एक काम उरकलं. डाउनपाइप मात्र अजून कॅट नसलेलाच. येताना किणी टोलनाक्याच्या अलीकडे डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला.

कारण साधं आहे. स्टेज टूच्या मॅपमध्ये कॅटच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरची तपासणी बहुधा बंद केलेली असते. मूळ मॅप आला की ती तपासणी पुन्हा सुरू होते, सेन्सरला कॅट सापडत नाही आणि दोषाचा कोड पडतो, पी०४२०. मी स्कॅनर लावून कोड पुसला आणि गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी सांगलीहून एक गिऱ्हाईक आलं, सोबत असे कोड वाचणारा स्वतःचा ओबीडी स्कॅनर. चक्कर मारून होईतो दिवा परत लागला. त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. "कोडबी चारशे वीसचाच निघाला की ओ," म्हणाला. यावर काय बोलणार?

उलट बाजूनेही तेच. मूळ डाउनपाइप बसवून स्टेज टूचा मॅप तसाच ठेवला तर टर्बोवर नको तितका ताण येतो. म्हणून दोन्ही कामं शक्यतो लागोपाठ करा आणि मधल्या वेळात गाडी दामटू नका.

डाउनपाइपचं काम शिवाजी उद्यमनगरातल्या एका मेस्त्रीकडे केलं. त्याने पहिल्या दिवशी पान्याला हातच लावला नाही. पाइप धरून ठेवणारे नट गंजले होते, त्यांच्यावर गंज सोडवायचं तेल मारलं आणि मला घालवून दिलं. "आज जोर लावला तर स्टड तुटंल. मग काम लई वाढंल. उद्या या." दुसऱ्या दिवशी तो नट अर्धा आटा सोडवायचा, पाव आटा परत आवळायचा, पुन्हा तेल, पुन्हा अर्धा आटा. चार नटांना दीड तास गेला. जो मेस्त्री तिथे पहिल्याच झटक्याला लांब पाइप घालून ताकद लावतो, त्याच्याकडून गाडी तशीच परत आणा. गॅस्केट आणि नट नवेच घाला. त्यात कंजूषी केली तर महिनाभरात फुसफुस सुरू होते.

स्प्रिंगा बदलल्यावर व्हील अलाइनमेंट करायची आणि त्याचा छापील कागद जपून ठेवायचा.

एक बारकावा उरतो. मॅप बदलला की गाडीची स्वतःची तपासणी, जिला स्कॅनरवर रेडिनेस म्हणतात, शून्यावर येते. लगेच गिऱ्हाइकाला दाखवली तर स्कॅनरवर "अपूर्ण" दिसतं आणि जाणत्याला वाटतं की तुम्ही आत्ताच कोड पुसलेत. म्हणून चार-पाच दिवस गाडी रोजच्यासारखी चालवा. थोडं गावात, थोडं महामार्गावर एकसारख्या वेगाने, रात्रभर थंड होऊ देऊन सकाळी परत. मी कागलपर्यंत रोज एक फेरी मारत होतो.

आणि हो, मूळ मॅप घातला म्हणजे पुरावा पुसला असं समजू नका. फोक्सवॅगन-स्कोडाच्या गाड्यांत ट्यूनिंग सापडलं तर कंपनीच्या यंत्रणेत टीडी१ नावाची नोंद होते आणि ती मॅप परत बदलला तरी राहते. त्यामुळे "कधीच ट्यून केलेली नाही" हे वाक्य तोंडातून काढू नका. "ट्यून होती, आता मूळ आहे, ही बिलं" असं सांगा. मी असं सांगायला लागल्यापासून येणारी माणसं कमी झाली, पण आलेली माणसं बसून बोलायला लागली.

४. कागदांची पिशवी

एकाच पिशवीत हे सगळं:

- आरसी
- चालू विमा आणि चालू पीयूसी
- फॉर्म २९ च्या दोन प्रती, फॉर्म ३० (मालकी हस्तांतराचे)
- कर्ज होतं तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५
- आधार, पॅन, फोटो
- सर्व्हिसची सगळी बिलं, डीएसजीचं (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं) तेल बदलल्याचं बिल वेगळं वर
- मॉडिफिकेशन बसवल्याची आणि काढल्याची बिलं
- गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर एनओसीसाठी फॉर्म २८

कर्ज फेडून झालं तरी आरसीवरचा बँकेचा बोजा आपोआप उतरत नाही, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. हे मला गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना कळलं.

१ एप्रिल २०१९ आधी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा पाटी, म्हणजे एचएसआरपी, बसवून घ्या. ती नसेल तर हस्तांतराचं काम अडतं. ४१४१ चा "दादा" केलेली पाटी कितीही जीव की प्राण असली तरी ती आता घरातल्या भिंतीवर लावा. काचांवर काळी फिल्म असेल तर तीही काढा. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत यायला हवा. बाकी राहिलेले ई-चलान भरून टाका. आरएसवाल्यांची वेगाची चलानं किती असतात ते मी सांगायला नको.

५. "पुरात होती काय?"

एमएच ०९ ची, म्हणजे कोल्हापूरची, पाटी बघितली की बाहेरगावचा माणूस हा प्रश्न विचारतोच, आणि त्याचं चुकत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीपर्यंत आलं, शिरोलीजवळ महामार्ग कितीतरी दिवस बंद होता. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. त्या पाण्यातल्या किती गाड्या धुऊन-पुसून लांबच्या शहरांत विकल्या गेल्या असतील कोण जाणे. आपली गाडी कळंब्यासारख्या उंच भागात असली तरी संशय आपल्यावरही येतो.

तो चिडून खोडून काढू नका, दाखवून द्या. त्या दोन पावसाळ्यांच्या आसपासची सर्व्हिसची बिलं वर काढून ठेवा. विमा कंपनीकडून दाव्यांचा इतिहास मागून घ्या. गिऱ्हाइकासमोर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, चिखलाची रेघ तिथे लपत नाही. डिकीतलं स्टेपनी काढून खालचा खड्डा दाखवा. सीटच्या रुळांवर टॉर्च मारा. मी हे सगळं न विचारताच करायला लागलो. पुढे ज्याने गाडी घेतली तो नंतर म्हणाला, "स्टेपनी स्वतःहून काढलीत तिथंच माझं ठरलं."

६. जाहिरात

फोटो सकाळच्या उन्हात, गाडी धुऊन, मूळ चाकांवर. रंकाळ्याच्या मावळतीचा फोटो छान येतो, पण त्यात पॅनेलवरचे डाग दिसत नाहीत आणि बघणाऱ्याला तेच बघायचं असतं. थंड इंजिन सुरू करतानाचा व्हिडिओ, ओडोमीटरचा फोटो आणि चारही टायरवरच्या तारखेचा फोटो टाका. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. "सिंगल हँडेड, मख्खन कंडिशन" लिहिण्यापेक्षा दोष लिहा. माझ्या जाहिरातीत मागच्या बंपरवरचा ओरखडा होता, आणि थर्मोस्टॅटच्या हाउसिंगमधून कूलंट गळत होतं म्हणून ते बदलल्याचंही होतं. या इंजिनचं हे दुखणं जाणत्याला माहीत असतं. ते बदललेलं आहे हे वाचून त्याला उलट बरंच वाटतं.

"मी फौजेत आहे, बदलीवर आहे, गाडी न बघता घेतो, हा क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे येतील" असा फोन येईलच. पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही. फोन ठेवून द्या.

७. टेस्ट ड्राइव्ह

इथे भिडस्तपणा महागात पडतो.

आधी लायसन्सचा फोटो घ्या. पहिली चक्कर तुम्ही मारा, तो शेजारी बसू दे. तेल गरम होईपर्यंत सावकाश, आणि का सावकाश ते त्याला सांगा. तुम्ही गाडी कशी पाळलीत हे त्याला तिथे कळतं. मग जागा बदला. बरोबर एकच माणूस. तिघे मित्र मागे बसवून आलेल्याला बहुधा गाडी घ्यायची नसते, रील काढायचं असतं.

माझ्याकडे राजारामपुरीतला एक पोरगा आला होता, वय असेल बावीस. गोकुळ शिरगावच्या पुढे रस्ता मोकळा दिसला तशी त्याने न विचारता लाँच कंट्रोल (उभी गाडी पूर्ण ताकदीने सोडायची सोय) लावायला बघितलं. मी हात आडवा घातला. तो म्हणाला, "काका, आरएस घ्यायची तर बघायला नको का?" काका! माझं वय छत्तीस. त्याला म्हटलं, टोकन दे, मग बघ. त्याने गाडी वळवली.

ठरावीक रस्ता आधीच आखून ठेवा: थोडे खड्डे, एखादा मोठा स्पीडब्रेकर, थोडा महामार्ग. पन्हाळ्याचा घाट नको. तिथे चढात खुमखुमी येते, आणि ती नेहमी दुसऱ्याच्या गाडीत जास्त येते.

गिऱ्हाइकाने आपल्या मेस्त्रीकडून किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये तपासणी करायची म्हटली तर आनंदाने हो म्हणा, खर्च त्याचा. मात्र गाडीबरोबर तुम्ही स्वतः जा.

८. पैसे आणि डिलिव्हरी नोट

टोकन घेतलं की साध्या कागदावर लिहा: किती, कशासाठी, किती दिवस धरून ठेवणार, सौदा मोडला तर परत किती. बाकी रक्कम बँकेतून, आणि खात्यात जमा दिसल्यावरच किल्ली. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेता येत नाही. घेतलीत तर तेवढाच दंड आयकर खातं लावू शकतं. "अर्धे रोख करू की" म्हणणाऱ्याला हे शांतपणे सांगा.

डिलिव्हरी नोटवर, म्हणजे गाडीचा ताबा दिल्याच्या कागदावर, तारखेबरोबर वेळही लिहा, तास-मिनिटांसकट. त्या क्षणानंतरची चलानं, अपघात, सगळं घेणाऱ्याचं, असं वाक्य घाला आणि दोघांच्या सह्या घ्या. काढलेले-बसवलेले पार्ट आणि "गाडी पूर्वी ट्यून होती हे घेणाऱ्याला सांगितले आहे" हेही त्यातच लिहा. मी किल्ली दिली तेव्हा संध्याकाळचे ६:४० वाजले होते. त्याच रात्री ९ नंतरचं वेगाचं चलान माझ्या मोबाईलवर आलं. नोटचा फोटो पाठवला, त्याने मुकाट्याने भरलं.

९. आरटीओ: कोऱ्या फॉर्मवर सही नाही

सगळ्यात मोठा सापळा हा. एजंट म्हणतो, "२९-३० वर सही करून द्या, घेणाऱ्याचं नाव मी नंतर घालतो." मग गाडी तीन हात फिरते आणि आरसीवर नाव तुमचंच राहतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की गाडी विकली असली तरी नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच. दोनशे तीस घोड्यांची गाडी कुणा अनोळखी पोराच्या हातात आणि नाव तुमचं, एवढा विचार केलात तरी झोप उडेल.

घेणाऱ्याचं नाव-पत्ता भरल्याशिवाय सही करू नका. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर १४ दिवसांत आणि राज्याबाहेर असेल तर ४५ दिवसांत तुम्ही कळवायचं असतं, घेणाऱ्याला ३० दिवस मिळतात. बेळगावचं गिऱ्हाईक आलं तर एनओसीशिवाय गाडी हलवू नका, कोगनोळीची सीमा ओलांडली की तुमचा जोर संपला. डीलरला देणार असाल तर तो आरटीओचा अधिकृत डीलर आहे का बघा आणि ताबा देताना फॉर्म २९सी ऑनलाइन भरा. मग तेव्हापासून जबाबदारी त्याची. नुसतं दुकान थाटून बसलेल्याला हे लागू होत नाही. ताराबाई पार्कातल्या कार्यालयात मी स्वतः घेणाऱ्याबरोबर गेलो. अर्धा दिवस मोडला, पण एकदाचं झालं.

१०. नंतरची बारीक कामं

फास्टॅग बंद करा, नाहीतर किणीचा टोल तुमच्या खात्यातून जात राहील. नो क्लेम बोनस तुमचा असतो, गाडीचा नाही. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, तीन वर्षांच्या आत पुढच्या गाडीला वापरता येतं. घेणाऱ्याला विमा आपल्या नावावर करायला १४ दिवस असतात, त्याला आठवण करा. गाडीच्या स्क्रीनमधून फोन, घरचा पत्ता आणि संपर्क पुसा. माझ्या गाडीत सासुरवाडीचा पत्ता "टाळा" या नावाने सेव्ह होता, तो आठवणीने पुसला.

सरकारच्या एम-परिवहन ॲपवर दर आठवड्याला गाडीचा नंबर टाकून बघत राहा. माझ्याकडे नाव बदललेलं दिसायला पाच आठवडे लागले. तोवर अलॉय इचलकरंजीला गेले, लोअरिंग स्प्रिंगा गडहिंग्लजला. इनटेक अजून माळ्यावर आहे. या वेळी त्यावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावली आहे: "भंगार नाही."